ताक, कोपरं आणि अटलांटिक

१९३५ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट गावी, पर्ड्यू विद्यापीठाच्या मुलींच्या एका वसतिगृहात, ताकाचा खप अचानक वाढला. इथलं ताक म्हणजे आपलं जिरं-मीठ-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक नव्हे बरं का. दाट, आंबूस आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायला लावणारं प्रकरण असतं ते. तरी मुली ते मागून घेऊ लागल्या, कारण जेवणाच्या टेबलावर एक पाहुण्या बाई ताक प्यायच्या. बाई आणखीही एक गोष्ट करायच्या. गप्पा रंगल्या की दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, हातांवर हनुवटी ठेवून बसायच्या. त्या काळच्या सभ्य घरातल्या मुलीने टेबलावर कोपर टेकणं म्हणजे आपल्याकडे थोरामोठ्यांसमोर पाय पसरून बसण्यातलाच प्रकार. मुलींनी लगेच कोपरं टेकली. वसतिगृहाच्या प्रमुख होत्या हेलन श्लेमन. त्यांनी हटकलं. मुली म्हणाल्या, त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही? श्लेमनबाई म्हणाल्या, तुम्हीही विमानाने अटलांटिक ओलांडून या, मग खुशाल टेका!

ही गोष्ट पर्ड्यूत अजून सांगतात. मी तिथे पीएच.डी. करत होते तेव्हा पहिल्याच सत्रात ऐकली, आणि नंतर चार-पाच वर्षांत निदान दहा वेळा. पाहुण्या बाई म्हणजे अर्थातच अमेलिया इअरहार्ट.

अमेलियाचं नाव आपल्याला माहीत असतं ते तिच्या हरवण्यामुळे. १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, पॅसिफिकवर नाहीशी झाली, पुढे ना विमान सापडलं ना ती. त्यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, दर पाच वर्षांनी नवा सिद्धांत आहे. या सगळ्या धुरळ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. या बाईचा पोटापाण्याचा धंदा विमान चालवणं हा नव्हताच. तिचा धंदा होता व्याख्यानं देणं. ती उडायची आणि मग त्या उडण्याबद्दल गावोगाव बोलायची. बोलून पैसे मिळाले की पुन्हा उडायची.

याची सुरुवात कशी झाली ते बघा. १९२८ साली ती बॉस्टनमध्ये डेनिसन हाउस या संस्थेत, परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांमध्ये समाजसेविका म्हणून काम करत होती. विमान चालवायला शिकली होती, पण ते हौसेखातर. त्या वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या एका विमानात बसायला एक बाई हवी होती, आणि ती बाई शोधायच्या कामात जॉर्ज पुटनम नावाचा प्रकाशक होता. अमेलियाची निवड झाली. विमान चालवलं विल्मर स्टुल्ट्झने, मेकॅनिक होता लू गॉर्डन. न्यूफाउंडलंडहून निघून २० तास ४० मिनिटांनी ते वेल्समध्ये उतरले. स्टुल्ट्झला २० हजार डॉलर मिळाले, गॉर्डनला ५ हजार. अमेलियाला? शून्य. आपण बटाट्याच्या पोत्यासारखे नेले गेलो, असं ती स्वतःच सांगत सुटली होती. गंमत म्हणजे गर्दी झाली ती पोत्याभोवती. चालकाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पुटनम चतुर माणूस. लिंडबर्गचं पुस्तक त्यानेच काढलं होतं. त्याने अमेलियाकडून पुस्तक लिहून घेतलं आणि तिला व्याख्यानांच्या दौऱ्यावर पाठवलं. पुढे १९३१ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केलं. लग्नाच्या दिवशी सकाळी तिने त्याला पत्र दिलं होतं, की एकमेकांना बांधून ठेवायचं नाही आणि वर्षभरात जमलं नाही तर मला मोकळं करायचं. ते पत्र आज पर्ड्यूच्या संग्रहात आहे. नवराच मॅनेजर असलेल्या या जोडप्याबद्दल पुष्कळ कुचकं लिहिलं गेलंय. मला विचाराल तर दोघांनी मिळून चालवलेला तो एक चोख व्यवसाय होता.

व्याख्यानांचा धंदा म्हटल्यावर आपल्या लोकांना जरा नवल वाटेल. आपल्याकडे व्याख्यान ऐकणं फुकट, आणि वक्त्याला शाल-श्रीफळ. पण परंपरा तशी दोन्हीकडे जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच्या एकच वर्ष आधी न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा नावाच्या तळ्याकाठी उन्हाळी व्याख्यानं सुरू झाली होती. अमेरिकेत त्याचं पुढे मोठं जाळं झालं. तंबू घेऊन मंडळी गावोगाव फिरायची. आज भाषण, उद्या गाणं, परवा जादूचे प्रयोग. रेडिओ आणि बोलपट आल्यावर तंबू उठले, पण तिकीट काढून पाहुण्याचं भाषण ऐकायची गावांची सवय गेली नाही. महिला मंडळं, शिक्षकांच्या संघटना, महाविद्यालयं वक्ते बोलवत राहिली. अमेलिया या बाजारातली मोठी मागणी असलेली वक्ती होती. शाळामास्तरला महिन्याला जेमतेम शंभर डॉलर मिळायचे, त्या दिवसांत तिला एका भाषणाचे साधारण अडीचशे-तीनशे मिळत. वर्षाला शंभराहून जास्त भाषणं. एका गावातून दुसऱ्या गावी बहुधा मोटारीने, आणि बऱ्याचदा स्वतःच चालवत. विमानातली राणी रस्त्यावर मात्र आपल्या एस.टी.तल्या कीर्तनकारासारखी फिरायची म्हणा ना.

काही गावांत ती आकाशातूनही उतरली. १९३१ मध्ये च्युइंगम बनवणाऱ्या बीच-नट कंपनीच्या जाहिरातीसाठी ती ऑटोजायरो घेऊन देशभर हिंडली. ऑटोजायरो म्हणजे विमान आणि हेलिकॉप्टर यांच्या मधलं काहीतरी. पुढे पंखा असतो, आणि डोक्यावरची पाती इंजिनाने फिरत नाहीत, पुढे जाताना लागणाऱ्या वाऱ्यानेच फिरत राहतात. फार थोड्या जागेत उतरतं, पण पेट्रोल इतकं पितं की दर दोनेक तासांनी खाली यावंच लागतं. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष, जाहिरातवाल्याच्या दृष्टीने वरदान! दर दोन तासांनी नवं गाव, नवी गर्दी, नवे फोटो. टेक्सासमधल्या ॲबिलीन गावात उडताना मात्र ते कोसळलं. तिला काही झालं नाही, बघ्यांच्या काही मोटारींचं नुकसान झालं, आणि निष्काळजीपणाबद्दल सरकारकडून तिला लेखी समज मिळाली. छोट्या गावांचे हे दौरे दिसायला सोपे. त्यात धोका होता आणि दमणूक तर होतीच.

आणि ती बोलायची काय? लोक यायचे थरार ऐकायला. तो ती द्यायची. १९३२ च्या मे महिन्यात तिने एकटीने अटलांटिक ओलांडला. वाटेत उंचीमापक बंद पडला, पंखांवर बर्फ धरलं, इंजिनाच्या धुराड्याच्या जोडावर चीर जाऊन तिथून ज्वाळा दिसत राहिल्या. पंधराएक तासांनी ती उत्तर आयर्लंडमध्ये एका कुरणात उतरली. हे सगळं ती फार शांत आवाजात, स्वतःची थोडी थट्टा करत सांगे. आणि मग हळूच विषय काढे तो बायकांच्या कामाचा. विमान कारखान्यात बायका का नसाव्यात? मुलीला यंत्राची आवड असली तर तिला शिवणकामाच्या वर्गात का घालायचं, आणि मुलाला स्वयंपाकाची आवड असली तर त्याला सुतारकामाला का जुंपायचं?

हे बोलायला तो काळ फार वाईट होता. मंदी चालू होती. नोकऱ्या नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या बायकांनी अडवू नयेत असं उघड बोललं जाई. १९३२ च्या एका केंद्रीय कायद्यात तर कलमच होतं, की कपात करायची वेळ आली आणि नवरा-बायको दोघेही सरकारी नोकरीत असतील तर त्यांच्यातल्या एकाला आधी काढावं. कायद्यात बायको हा शब्द नव्हता. नोकऱ्या गेल्या त्या बहुतेक बायकांच्याच. लग्न झालं की शिक्षिकेला घरी पाठवणाऱ्या शाळा ठिकठिकाणी होत्या. अशा दिवसांत तिकीट काढून आलेल्या गावकऱ्यांसमोर उभं राहून ‘बायकांनी नोकरी करावी, लग्नानंतरही करावी’ असं सांगायचं. सभागृहात शांतता पसरत असणार. पण अटलांटिक ओलांडून आलेल्या बाईला ‘तुला काय कळतं’ असं कोण म्हणणार? तिच्या उड्डाणांचा हा खरा उपयोग होता असं मला वाटतं. ती उडून एक प्रकारचं भांडवल कमवायची आणि ते असं खर्च करायची.

आता पर्ड्यू. वेस्ट लाफायेट हे तेव्हा पाच-सहा हजार वस्तीचं गाव. वाबाश नदीच्या पलीकडे मोठं लाफायेट, अलीकडे टेकाडावर विद्यापीठ, आणि चहूबाजूंना क्षितिजापर्यंत मका. (मका अजून आहे. मुंबईहून आलेल्या माझ्या आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “अगं, गाव कुठेय?”) विद्यापीठ शेतीचं आणि इंजिनिअरिंगचं. सुमारे सहा हजार विद्यार्थी, त्यात मुली हजाराच्या आत, आणि त्यातल्या बहुतेक गृहविज्ञान शिकणाऱ्या. इंजिनिअरिंगला मुलींना बंदी नव्हती. १८९७ सालीच मार्था डिक्स स्टीव्हन्स या मुलीने तिथे सिव्हिलची पदवी घेतली होती. म्हणजे अमेलिया जन्मली त्या वर्षी. पण दार उघडं असलं तरी चाळीस वर्षांत आत शिरलेल्या मुली बोटांवर मोजता येतील एवढ्याच.

विद्यापीठाचे अध्यक्ष होते एडवर्ड इलियट. १९३४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये एका वृत्तपत्राने भरवलेल्या परिषदेत त्यांनी अमेलियाचं भाषण ऐकलं आणि तिला पर्ड्यूला बोलावलं. ऑक्टोबरात ती आली, विमानक्षेत्रात बायकांना काय काय करता येईल यावर बोलली. इथवर सगळं नेहमीसारखंच. असं भाषण तिने त्या वर्षी किती गावांत दिलं असेल! वक्ता येतो, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावी असतो, आणि गाव होतं तसंच राहतं. आपल्या व्याख्यानमालांचं तरी दुसरं काय होतं?

इलियटना हे पुरेसं वाटलं नाही. आपल्याकडे आठ-नऊशे मुली आहेत आणि त्यांना नेमकं कशासाठी शिकवायचं हे आपल्या प्राध्यापकांना माहीत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. त्यांनी अमेलियाला विचारलं, बोलून जाण्याऐवजी राहायला याल का? १९३५ मध्ये तिची नेमणूक झाली. मुलींच्या करिअरविषयी सल्लागार, वर्षाला २ हजार डॉलर, आणि वर्षातले काही आठवडे प्रत्यक्ष कॅम्पसवर मुक्काम. त्याच वर्षी लिलियन गिलब्रेथ यांनाही इलियटनी प्राध्यापक म्हणून आणलं. गिलब्रेथबाई म्हणजे बारा मुलांची आई आणि कारखान्यातल्या कामाच्या हालचाली मोजण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. पर्ड्यूच्या इंजिनिअरिंगमधल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. मुलींच्या डीन होत्या डोरोथी स्ट्रॅटन. एवढ्याशा गावात एकाच वेळी अशा तिघी! इलियट स्वतः काही क्रांतिकारक नव्हते. पण माणसं हेरायची नजर पक्की होती त्यांची.

अमेलिया नोव्हेंबरात आली आणि साउथ हॉल या वसतिगृहात मुलींमध्येच राहिली. मग ते ताक आणि कोपरं. जेवताना रोज वेगळ्या मुली तिच्या टेबलाशी जागा पकडायला धडपडायच्या. जेवणानंतर श्लेमनबाईंच्या खोलीत जमिनीवर बैठक. प्रश्न कसले? नवऱ्याला बायकोने नोकरी केलेली आवडत नसेल तर? मूल झालं की काय करायचं? यंत्र दुरुस्त करता येणारी मुलगी मुलांना आवडते का? ऐंशी-नव्वद वर्षं झाली. सांगलीत माझ्या आतेबहिणीने मागच्या दिवाळीत मला यातले दोन प्रश्न शब्दशः विचारले.

अमेलियाने मुलींना एक प्रश्नावली दिली. शिक्षण संपल्यावर नोकरी करायची आहे का, का करायची आहे, लग्नानंतर करणार का, आणि बायको नोकरी करत असेल तर घरकामात नवऱ्याचा वाटा किती असावा. उत्तर देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ मुलींनी लिहिलं, की हो, नोकरी करायची आहे. मला हा आकडा तिच्या सगळ्या विक्रमांपेक्षा बोलका वाटतो. या मुली गृहविज्ञान शिकत होत्या, त्यांचे पालक त्यांच्यासाठी स्थळं बघत होते (तिकडच्या पद्धतीने), प्राध्यापक त्यांना गृहिणी समजून शिकवत होते. आणि त्यांना काय हवंय हे तोवर असं नीट, कागदावर कुणी विचारलंच नव्हतं. तिने घाईने लग्न करू नका, आधी काम करून बघा, असा सल्ला दिला. तो मुलांना आणि काही प्राध्यापकांना अजिबात रुचला नाही. ती पँट घालून गावात फिरते, एकटी दुकानात बसून थंड पेय पिते, यावरही प्राध्यापकांच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. छोटं गाव ते छोटंच, मग ते अमेरिकेतलं का असेना.

इथवरची कथा मला मनापासून आवडते. पुढचा भाग वाचताना मात्र माझ्यातली इंजिनिअर अस्वस्थ होते.

त्याच शरदात इलियटांच्या घरी जेवण होतं. अमेलिया बोलता बोलता म्हणाली, की लांबच्या उड्डाणांत माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, थकवा कसा येतो, काय खावं, याचा अभ्यास करायला एखादं विमान मिळालं तर हवंय. टेबलावर डेव्हिड रॉस होते. ते विद्यापीठाचे विश्वस्त आणि स्टिअरिंग गिअर बनवणारे कारखानदार. विद्यापीठाच्या विमानतळासाठी जमीन त्यांनीच दिली होती. विद्यापीठाच्या मालकीचा असा तो अमेरिकेतला पहिला विमानतळ. जेवण संपायच्या आत रॉसनी ५० हजार डॉलर देऊ केले. आणखी ३० हजारांची रोकड आणि सामान औषधवाले लिली, बेंडिक्स, वेस्टर्न इलेक्ट्रिक, गुडरिच, गुडइयर यांच्याकडून आलं. ‘वैमानिक संशोधनासाठी अमेलिया इअरहार्ट निधी’ उभा राहिला. त्यातून लॉकहीडचं दोन इंजिनांचं इलेक्ट्रा विमान घेतलं, आणि २४ जुलै १९३६ रोजी, म्हणजे तिच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, ते तिच्या हाती आलं. दहा प्रवाशांच्या विमानातल्या खुर्च्या काढून तिथे पेट्रोलच्या टाक्या बसवल्या. नाव दिलं ‘उडती प्रयोगशाळा’.

मी गेली कित्येक वर्षं संशोधनासाठी अनुदानाचे अर्ज लिहिते आहे. त्यामुळे ‘उडती प्रयोगशाळा’ हे शब्द वाचले की मला ओळखीचं हसू येतं. करायचं असतं एक, पैसे देणाऱ्याला पटेल असं लिहायचं असतं दुसरं, आणि दोन्हीत अगदी खोटं काही नसतं. तिला पृथ्वीला विषुववृत्ताजवळून फेरी मारायची होती. त्यातून थकव्याबद्दल चार नोंदी झाल्याही असत्या. पण प्रयोगशाळा म्हणावी असं त्या विमानात फारसं काही नव्हतं.

खरी खटकणारी गोष्ट आणखी वेगळी. निधी मिळाला तरी खर्च भागत नव्हता, म्हणून व्याख्यानं चालूच राहिली. विमान नवं, मोठं, आधीच्या एका इंजिनाच्या विमानापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं. ते अंगवळणी पडायला तास हवेत, आणि तास तर गावोगावच्या सभागृहांत चाललेले. तिचा तांत्रिक सल्लागार पॉल मँट्झ यावरून सतत कटकट करायचा. मार्च १९३७ मध्ये होनोलुलूहून उडताना विमान धावपट्टीवर गरकन फिरलं आणि मोडलं. दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे उभे करणं आलं. मेच्या अखेरीस ती पुन्हा निघाली, तेव्हा दिशा उलटी, पूर्वेकडची, आणि बरोबर एकटा फ्रेड नूनन. दिशादर्शनात तो वाकबगार होता. पण रेडिओवरच्या मोर्समध्ये दोघांचाही हात कच्चा होता, आणि लांब लोंबती ठेवायची रेडिओची तार मागेच सोडून दिलेली.

वाटेत ती आपल्या भागातून गेली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तांबड्या समुद्रावरच्या असाबहून एका दमात उडून १५ जून १९३७ ला ती कराचीत उतरली. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. याच कराचीहून पाच वर्षांपूर्वी जे.आर.डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला आले होते. कराचीत तिने न्यूयॉर्कला नवऱ्याशी टेलिफोनवर बोलून घेतलं आणि उंटावर बसली. मग कलकत्त्याचं डमडम. पावसाळा नुकता फुटलेला, मैदानात पाणी, आणि टाक्या भरून जड झालेलं विमान पलीकडच्या झाडांना घासेल की काय इतक्या बेताने उठलं. २ जुलैला न्यू गिनीतल्या लाए इथून ती हाउलंड बेटाकडे निघाली. बेटाची लांबी दोन-अडीच किलोमीटर, रुंदी एकाच्याही आत. तिथे थांबलेल्या जहाजाला तिचा आवाज ऐकू येत होता, जहाजाचं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. त्यानंतर काही नाही.

शोध अजून चालू आहे. २०२४ च्या सुरुवातीला समुद्रतळावर विमानासारखं काही दिसल्याची बातमी आली. वर्ष संपायच्या आत तो खडक निघाला. २०२५ मध्ये खुद्द पर्ड्यूने निकुमारोरो बेटाकडे मोहीम जाहीर केली, ती पुढे ढकलली गेली. विमान सापडलं तर ते आमच्याकडे परत यायला हवं, असं विद्यापीठाचं म्हणणं, आणि हिशोबाने ते रास्तच आहे. मला त्या खडकांत फारसा रस नाही. रेडिओचा सराव करायला तिला दोन महिने मोकळे मिळाले असते तर, एवढाच प्रश्न मला पडतो. ज्या व्याख्यानांनी ते विमान मिळवून दिलं, त्यांनीच ते शिकायचा वेळ खाल्ला. मँट्झचं म्हणणं बरोबर होतं, हे माझं मत. पण व्याख्यानं सोडा असं तिला सांगणाऱ्याने पैसे कुठून आणायचे तेही सांगायला हवं होतं.

पर्ड्यूत काय उरलं? १९४० मध्ये पुटनमने तिची कागदपत्रं विद्यापीठाला दिली. तिच्या नावाचं वसतिगृह आहे, पुतळा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी नील आर्मस्ट्राँगच्या पुतळ्यापाशी नेतो, कारण तोही इथलाच विद्यार्थी; अमेलियाची पाळी नंतर, जेवायला जाताना. पण पुतळ्यांपेक्षा मला त्या साउथ हॉलच्या बैठकीतल्या बायकांचं पुढे काय झालं ते बघणं जास्त आवडतं. डोरोथी स्ट्रॅटन १९४२ मध्ये तटरक्षक दलाच्या महिला विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. हेलन श्लेमनही तिकडे गेल्या, युद्धानंतर परत येऊन मुलींच्या डीन झाल्या, आणि साठच्या दशकात मुलींनी रात्री अमुक वाजता वसतिगृहात हजर असलंच पाहिजे हा नियम उठवायला त्यांनीच नेट लावला. ज्या बाईंनी कोपरांवरून मुलींना हटकलं, त्याच या.

अमेलिया नाहीशी झाली त्यानंतर सहा वर्षांनी, १९४३ मध्ये, कर्टिस-राईट या विमान कंपनीला इंजिनिअर कमी पडू लागले, कारण पुरुष युद्धावर गेले होते. कंपनीने सात विद्यापीठांत मुलींसाठी दहा महिन्यांचा झटपट अभ्यासक्रम काढला, आणि त्यातलं एक पर्ड्यू होतं. गणित, ड्रॉइंग, धातुकाम, एरोडायनॅमिक्स, ताणाची गणितं, सगळं दहा महिन्यांत कोंबलेलं. मुलींनी ते केलं आणि कारखान्यांत कामाला लागल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना ती कामं सोडावी लागली. पुढे १९६९ साली पर्ड्यूने इंजिनिअरिंगमधल्या मुलींसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, अशा प्रकारचा देशातला पहिला. मी होते तेव्हा त्यांच्या खोलीत सकाळी कॉफी फुकट मिळायची. ताक नव्हतं.